श्रमाचे अन्न आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहत येथे केलेले भाषण)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारा जन्म प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेला. अर्थशास्त्राच्या गहन गोष्टी सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या विषयावर आज बोलावयाचे आहे, त्याला पुस्तकी विद्येपेक्षा उघड्या डोळ्यांची गरज अधिक आहे. तो विषय म्हणजे अन्न. तेही उपाशी भिकाऱ्याचे नव्हे, तर दिवसभर राबणाऱ्या माणसाचे.

यंदाचे संमेलन या औद्योगिक वसाहतीत भरले आहे, हे एका अर्थी उचितच झाले. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या भूमीवर ही वसाहत पसरली आहे. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी या गावांनी एकेकाळी येथे केवळ पिके आणि माळ पाहिले. आज येथे सूतगिरण्यांची चाके फिरतात, फौंड्रीच्या भट्ट्या पेटतात, आणि आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण येथे नोकरी करतात. काही बंधूंनी तर स्वतःचे छोटे कारखानेही उभारले आहेत. त्यांचा आपणां सर्वांस अभिमान वाटतो. या वसाहतीस 'पंचतारांकित' म्हणतात. रस्ते, पाणी, वीज या सोयी उत्तम प्रतीच्या असाव्यात, हा त्या नावाचा आशय. आमचा प्रश्न एवढाच की, या पाच ताऱ्यांतील एखादा तरी तारा कामगाराच्या ताटावर उतरला आहे काय?

सकाळी पहिली पाळी सुरू होण्याच्या सुमारास आम्ही या रस्त्यांवरून अनेकदा फिरलो आहोत. सायकलींवर, मोटारसायकलींवर, पायी माणसे येतात. त्यांत आपल्या खेड्यांतील आहेत, तसेच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथूनही आलेले आहेत. एका खोलीत सहा-सात जण राहतात. एकाची पाळी सुटली की त्याच्या अंथरुणावर दुसरा येऊन पडतो. कित्येकांचे दुपारचे जेवण म्हणजे वडापाव आणि चहा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खानावळीत भाजी-आमटीसह जेवण होते; शेवटच्या आठवड्यात तोच मनुष्य भात आणि मिरचीचा ठेचा यांवर रात्र काढतो. हे आळशी लोक नाहीत. ज्या ओतकामाच्या उष्णतेजवळ आपण दोन मिनिटे उभे राहू शकणार नाही, तेथे ते आठ-आठ, बारा-बारा तास उभे असतात. तरीही महिनाअखेर त्यांना दुकानदाराच्या उधारीच्या वहीचा आधार घ्यावा लागतो.

ही स्थिती केवळ आपल्याकडेच आहे, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील फिनिक्स या शहरी १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थाने दुकानांत उरलेले पण खाण्याजोगे अन्न गोळा करून ते गरजूंना वाटणारी एक संस्था काढली. बँकेत पैसा ठेवावा आणि गरजेप्रमाणे काढावा, तसे हे अन्नाचे भांडार. म्हणून तिला 'फूड बँक' हे नाव पडले. आपण तिला अन्नपेढी म्हणू. पुढे ही कल्पना जगभर पसरली. ज्या इंग्लंडच्या वैभवाच्या गोष्टी आपण शाळेत शिकलो, तेथील ट्रसेल नावाच्या संस्थेच्या अन्नपेढ्यांनी २००८-०९ साली सुमारे २६ हजार गरजूंना धान्याची पुडकी दिली होती. २०२३-२४ या एका वर्षात त्यांना ३१ लाखांवर पुडकी वाटावी लागली. आणि विशेष हे की, ही पुडकी नेण्यास येणाऱ्यांत बेकार आणि वृद्ध तर आहेतच, पण नोकरीवर असणारी माणसेही आहेत. पगार आहे, परंतु घरभाडे आणि विजेचे बिल भागविल्यावर ताटापुरते उरत नाही, अशी त्यांची अवस्था आहे.

यातून आम्ही एक बोध घेतला. अन्नपेढी काढणारे लोक थोर मनाचे असतात, यात संशय नाही. तथापि ज्या समाजात अन्नपेढ्यांची संख्या वर्षानुवर्षे वाढत जाते, त्या समाजाने ती भूषणाची गोष्ट मानू नये. दवाखान्यापुढील रांग वाढली म्हणून कोणी आरोग्य वाढले असे म्हणत नाही.

आपल्या देशात अन्नदानाची परंपरा फार जुनी आहे. माधुकरी मागून आणि वार लावून जेवून विद्या संपादन केलेल्या थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचली आहेत. नरसोबाच्या वाडीस, जोतिबाच्या यात्रेत, कोल्हापुरात अंबाबाईच्या मंदिरानजीक अन्नछत्रे चालतात, आणि तेथे प्रसाद घेताना श्रीमंतासही संकोच वाटत नाही. होळीच्या सणात 'होळी लहान करा, पोळी दान करा' अशी हाक अंधश्रद्धा निर्मूलन समितीने दिली, तिला कोल्हापूरकरांनी मनापासून प्रतिसाद दिला. सरकारनेही आपला वाटा उचलला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा पाच किलो, तर अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रात दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली; तीत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात.

मग राबणारा मनुष्य उपाशी का राहतो? याचे उत्तर आम्हांस कोणत्याही ग्रंथात मिळाले नाही. ते आमच्याच एका विद्यार्थ्याने दिले, आणि ते देताना तो एक शब्दही बोलला नाही. ती हकीकत सांगताना आम्हांस आजही लाज वाटते. परंतु आपणांपासून ती लपविणे योग्य होणार नाही.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली. भट्ट्या विझल्या, गिरण्या थांबल्या. परप्रांतीय मजूर खोल्यांत अडकून पडले. पुढे मे महिन्यात कोल्हापूरच्या शाहू महाराज टर्मिनसवरून श्रमिकांच्या खास गाड्या सुटू लागल्या, तेव्हा त्यांना घराची वाट दिसली. एप्रिल महिन्यात आपल्या मंडळाने धान्यवाटप केले, हे आपणांस स्मरत असेलच. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा असे संच बांधले होते. यादी आमच्या हाती होती. मागे मंडळाचा फलक, पुढे छायाचित्र काढणारा तरुण, आणि मध्ये आम्ही. जन्मभर हजेरी घेण्याची सवय. आम्ही खणखणीत आवाजात एकेकाचे संपूर्ण नाव पुकारू लागलो.

त्या यादीत एक नाव आमच्या जुन्या विद्यार्थ्याचे होते. वय चाळिशीचे, आपल्याच ज्ञातीतील, कंत्राटदाराकडे फौंड्रीत फेटलिंगच्या कामावर. शाळेत तो पहिल्या बाकावर बसे आणि नाव पुकारताच सर्वांच्या आधी 'हजर' म्हणे. त्या दिवशी आम्ही त्याचे नाव दोनदा पुकारले. तो रांगेत उभा होता. आम्ही त्याला पाहिले, त्यानेही आम्हांस पाहिले. मग त्याने मान खाली घातली, रांग सोडली आणि तो चालता झाला. आम्ही मात्र 'गैरहजर' अशी खूण करून पुढचे नाव घेतले.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीस त्याची पत्नी आमच्या परसदारी आली. "गुरुजी," ती म्हणाली, "तुम्ही समद्यांच्या म्होरं नाव घेतलंसा. त्यांस्नी हात पुढं करवंना." दोन दिवस त्या घरात मुलांना पेज मिळाली होती, मोठ्यांना तीही नाही. आम्ही संच आणून तिच्यापुढे ठेवला. तिने तो घेतला, आणि जाताना विचारले, "काम कवा सुरू हुईल, तेवढं सांगा." त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

बंधूंनो, आम्ही चौतीस वर्षे मुलांना शिकविले. त्या संध्याकाळी त्या माउलीने आम्हांस शिकविले. आम्ही त्या माणसाची भूक भागविण्यास निघालो आणि तिचा पुकारा करून आलो. त्याला दान नको होते. त्याला काम, कामाचा पुरता मोबदला आणि अडचणीच्या काळात चारचौघांत मान न झुकविता मिळणारे अन्न हवे होते.

पुढे आम्ही त्याच्या शिधापत्रिकेची चौकशी केली, तेव्हा दुसरी गोष्ट उमगली. अन्नसुरक्षा कायदा राबविताना आपल्या राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार रुपये ठरविली होती. शहरी मर्यादेचा हिशेब केला तर महिना पाच हजारही होत नाहीत. कंत्राटावरचा साधा मजूरसुद्धा कागदावर याहून अधिक मिळवितो. म्हणून त्याच्या घरी केशरी पत्रिका होती, पण तिच्यावर धान्य नव्हते. एप्रिलमध्ये केंद्राने जादा मोफत धान्य दिले ते कायद्याखालील पत्रिकाधारकांना. केशरी पत्रिकेवर सवलतीचे धान्य देण्याचा राज्याचा निर्णय मे आणि जून या महिन्यांसाठी होता. मधला महिना त्या घराने कसा काढावा, याची तरतूद कोठेच नव्हती. सरकारच्या लेखी तो गरीब नव्हता आणि दुकानदाराच्या लेखी तो ऐपतदार नव्हता. शहरातील नवे दारिद्र्य ते हेच. त्याच्या अंगावर फाटके कपडे नसतात, हाती भ्रमणध्वनीही असतो. म्हणून ते आपल्या नजरेस पडत नाही.

परप्रांतीय मजुराची अडचण आणखी निराळी. त्याची पत्रिका गावी, आणि तो येथे. 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेने कोणत्याही राज्यातील रास्त भाव दुकानात आपल्या वाट्याचे धान्य घेण्याची सोय झाली. ती सर्व राज्यांनी ३१ जुलै २०२१ पर्यंत अमलात आणावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये दिला. सोय झाली खरी, परंतु ती आहे हेच पुष्कळांना ठाऊक नाही. हक्क ठाऊक नसलेल्या माणसास तो हक्क नसल्यासारखाच.

आता आपण काय करावे? यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. याच कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी राज्यावर आल्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १८९६-९७ चा दुष्काळ पाहिला. तेव्हा त्यांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडली. लोकांस भिक्षेस लावले नाही. ज्या दराने गरिबास घेता येईल त्या दराने धान्य मिळेल अशी व्यवस्था केली. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली, तेव्हाही विचार तोच होता. मुलाने शिकावे असे वाटत असेल, तर प्रथम त्याच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता मिटली पाहिजे. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांची मुळे त्या वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत आहेत, हे आपण विसरता कामा नये.

आपल्याच जिल्ह्यातील कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहातील मुलांना अन्न कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. आणि गावोगावच्या गृहिणींनी दळणाच्या वेळी एक-एक मूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंड भरला. मूठभर धान्य देणाऱ्या बाईस आपण दाती आहोत असे वाटत नव्हते, आणि ते अन्न खाणाऱ्या मुलास आपण याचक आहोत असे वाटत नव्हते. कारण मुले स्वतः श्रम करून शिकत होती. आमच्या लहानपणी, १९७२ च्या दुष्काळात, लोकांनी परदेशी मिलो खाल्ला आणि सुकडीवर दिवस काढले. परंतु महाराष्ट्राने तेव्हा लाखो हातांना काम दिले, आणि त्यातूनच रोजगार हमीची योजना बळावली. आमच्या मते सुकडीपेक्षा कामानेच त्या पिढीला ताठ मानेने उभे ठेवले.

याच मार्गाने पुढे दोन उत्तम कार्ये घडली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हे केंद्र काढले. हमाल आणि कष्टकरी यांनी ना नफा ना तोटा या दराने पोटभर जेवावे, ही त्यामागील कल्पना. मुंबईत १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. त्या खानावळींत जेवणारे कोण होते? आपलेच वाडवडील! कोल्हापूर, सातारा, कोकण येथून गिरणीत गेलेली माणसे. दहा-दहा जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारी, महिन्याचे पैसे खानावळवालीकडे जमा करून उरलेले गावी मनिऑर्डरने पाठविणारी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबले, तरी कित्येक खानावळवाल्यांनी आपल्या माणसांना उधारीवर जेवू घातले. आपल्या घराघरांत त्या आठवणी आहेत. आज लक्ष्मी टेकडीजवळून या वसाहतीत शिरणारा बिहारचा मुलगा म्हणजे आपला त्या वेळचा काका किंवा आजोबा होय, हे ध्यानी धरावे.

म्हणून आम्ही आज या सभेपुढे चार सूचना मांडतो.

पहिली सूचना मुष्टिफंडाची. प्रत्येक सभासद कुटुंबाने दर महिन्यास दोन किलो धान्य किंवा तेवढी रक्कम मंडळाच्या शिधाभांडारात द्यावी. भांडार वर्षभर चालावे, केवळ संकटकाळी नव्हे. पहिली मूठ आमच्या घरची राहील.

दुसरी सूचना खानावळीची. वार्षिक महाप्रसादावर मंडळाचा पुष्कळ खर्च होतो. तो प्रसाद साधा करून उरलेल्या निधीतून या वसाहतीनजीक ना नफा ना तोटा या तत्त्वावर खानावळ सुरू करावी. आपल्या ज्ञातीतील गरजू भगिनींनी ती चालवावी; त्यांनाही पगार मिळेल. भाकरी, भाजी, आमटी, भात, आणि ज्याचे त्याने पैसे द्यावेत. महिनाअखेर ज्याला अडचण असेल, त्याची नोंद वहीत गुप्त राहावी.

तिसरी सूचना कागदपत्रांची. मंडळातील निवृत्त शिक्षक आणि कारकून बंधूंनी रविवारी दोन तास बसून कामगारांना शिधापत्रिका, पत्रिकेची दुसऱ्या राज्यातील सोय, अर्ज आणि हरकती यांत साहाय्य करावे. यास पैसा लागत नाही, सवड लागते. आणि ती आम्हां पेन्शनरांपाशी भरपूर आहे.

चौथी सूचना कारखानदार बंधूंना आहे, आणि ती आम्ही हात जोडून करतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यास उपाहारगृह बंधनकारक केले होते. आपले बहुतेक कारखाने लहान; कायदा आपणांस विचारणार नाही. पण दोन-चार लहान कारखान्यांनी मिळून एक उपाहारगृह चालविले, आणि कंत्राटदाराच्या माणसासही ठरलेल्या तारखेस पूर्ण वेतन मिळते की नाही हे पाहिले, तर आमच्या शिधाभांडाराचे अर्धे काम वाचेल. वेतन पुरते असेल तेथे दानाची गरज उरत नाही.

या सूचनांवर दोन आक्षेप येतील, याची आम्हांस कल्पना आहे. पहिला असा की, फुकट अन्नाने माणूस आळशी होतो. आम्ही फुकट अन्न सुचविलेलेच नाही. आणि बारा तास भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याच्या आळसाची काळजी आपण खुर्चीत बसणाऱ्यांनी करू नये. दुसरा आक्षेप असा की, ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेर का जावा? याचे उत्तर याच मातीने देऊन ठेवले आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा शिवाशिवीच्या त्या काळात खुद्द शाहू महाराज त्यांच्याकडचा चहा घेत. संस्थानाधिपतीने जी रेषा पुसली, ती आपल्या मंडळाने खानावळीच्या उंबरठ्यावर पुन्हा ओढू नये. ज्ञातिसंस्था ही आपली आई आहे. परंतु दारी आलेल्या शेजाऱ्याच्या मुलास उपाशी परत पाठवावे, असे कोणती आई शिकविते?

शेवटी एकच विनंती. जे द्याल ते नाव न पुकारता द्या. शिधाभांडारात फलक नको, छायाचित्र नको, स्मरणिकेत घेणाऱ्यांची यादी नको. देणाऱ्यांची यादीही न छापल्यास उत्तम.

आपला तो विद्यार्थी पुढे कामावर परत गेला. भट्ट्या पेटल्या, त्याचे घरही सावरले. मागील वर्षी बाजारात तो भेटला. वाकून नमस्कार केला आणि आमची पिशवी घेऊन घरापर्यंत चालत आला. त्या दिवसाविषयी तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. परंतु हजेरीच्या त्या वहीत आम्ही त्याच्यापुढे जी 'गैरहजर' अशी खूण केली, ती चूक होती. त्या दिवशी तो हजर होता. गैरहजर आम्ही होतो. मंडळाच्या हातून ती चूक पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठीच आज या व्यासपीठावर उभे राहण्याचे धाडस केले.

सूचनांचा निर्णय आजच्या सर्वसाधारण सभेने करावा.